वैशीच्या केसातल्या चिंध्या

माझं माहेर आजऱ्याचं. आमच्या घरात माझी आत्ती हुती, बाबांची बहीण, काजूच्या बिया फोडायला जायची. त्या बियांच्या चिकानं तिची बोटं काळी पडलेली, पण त्याच बोटानं ती गल्लीतल्या पोरींचे केस असे कुरळे करायची की बघत ऱ्हावं. बाकीच्या बायका लोखंडी चिमटा चुलीत तापवायच्या, एका पोरीची तर आख्खी बट करपून हातात आली. आत्ती म्हणायची, केस म्हंजे काय पापड हाय व्हय भाजायला. तिची रीत येगळी. जवस पाण्यात उकळायचं, फडक्यातनं गाळायचं, ते बुळबुळीत पाणी वल्या केसाला लावायचं आणि सुती चिंधीवर बट गुंडाळून गाठ मारायची. वाळलं की चिंधी सोडायची आणि बोटाला खोबरेल लावून बटा मोकळ्या करायच्या. केसाला काय म्हणून काय होत न्हाय. पण तिची एक ताकीद हुती, जिनं बांधली तिनंच सोडायची, आणि दुसऱ्या दिवशीच सोडायची. आता ही ताकीद मी पाळली असती तर तुम्हाला सांगायला माझ्यापाशी काय नसतं बगा.

लगीन होऊन मी गडमुडशिंगीला आले. मालक फौंड्रीत, मी घरात ब्लाऊज शिवायची, त्यामुळं चिंध्यांना काय तोटा न्हाय. शेजारी इंदू, तिचा नवरा, म्हातारी सासू आणि पोरगी वैशाली. वैशी म्हणायचो आम्ही. केस कसे, सरळसोट, रिबीन बांधली की घसरायची. दिवसभर माझ्या मशीनपाशी बसून, सुमनकाकू मला कुरळं करा, सुमनकाकू मला कुरळं करा. चौथीत हुती. शाळंचं गॅदरिंग आलं, नाचात पयल्या रांगेत उभी केलती तिला, मग काय, आदल्या दिशी सांजच्याला मी जवस उकळलं. इंदूच्या ब्लाऊजचं पिवळं कापड उरलं हुतं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि पोरीचं डोस्कं बांधून दिलं. इंदूला म्हटलं, हात लावू नगंस, सकाळी येऊन मीच सोडते.

सकाळी गेले तर दारावर लिंबाचा पाला. पोरगीला ताप भरलेला, अंगावर कांजण्या. आमच्याकडं कांजण्या म्हंजे देवी आली म्हणत्यात, मग घरात फोडणी न्हाय, आंघोळ न्हाय, तेल न्हाय, केसाला फणी न्हाय. म्हातारी उंबऱ्यातच उभी. मी म्हटलं, आत्याबाई, केस तेवढे सोडते आणि जाते. ती म्हणाली, देवी अंगावर हाय, केसाला हात लावायचा न्हाय, उतरली की बघू.

मी मागं फिरले. ढकलून आत जायला पायजे हुतं. पण लगीनसराईच्या ब्लाऊजचा ढीग पडलेला, आणि माझी पोरंबी लहान हुती, त्यांना लागण होईल ही भीती हुती. खरं कारण ती भीतीच. म्हातारीचं नाव मी उगंच पुढं करते.

बरेच दिस पोरगी तशीच पडून. घाम, खाज, डोस्कं उशीवर घासणं, वर जवसाचं पाणी वाळून चिकटलेलं. देवी उतरली, पयली आंघोळ घातली, इंदूनं निघाल्या तेवढ्या चिंध्या काढल्या. मागं मानेवर मात्र केसाचा लगदा झालता, लिंबाएवढा, खाली शेपटी लोंबती. म्हातारीनं बघितलं आणि सरळ भंडारा लावला त्याला. जट आली म्हणाली, देवीनं पोरगी मागितली.

गल्ली गोळा झाली. मी त्या गर्दीत वरडून सांगितलं, पावणं, गप न्हाय बसले. ही जट न्हवं, हे जवसाचं पाणी हाय, मी बांधलंय, वाटीभर तेल द्या, दिवस मावळायच्या आत सोडवते. तर म्हातारी शांतपणानं म्हणाली, सुमन, देवी काय आपल्या पायानं चालत येती व्हय, कुणाच्या तरी हातनं येती, तुझ्या हातनं आली, तू पुण्यवान बाई. आणि बायका माझ्या पाया पडायला लागल्या. काय सांगू तुम्हाला, कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

म्हातारीला पोरीच्या गळ्यात देवीचे मणी बांधून तिला देवीला सोडायचं हुतं. मी इंदूच्या नवऱ्याच्या मागं लागले, रोज सांगायची, बाबा, ह्याच्या इरोधात कायदा हाय, पोरीचा जन्म देवीच्या नावानं जाईल. त्यानं मणी तेवढे बांधू दिले न्हाईत. पण जटंला हात लावायचं त्याचंबी धाडस झालं न्हाय, जट कापली की घरातलं माणूस जातं म्हणत्यात. मग मधला मार्ग काय, तर मंगळवार-शुक्रवार पोरीनं परडी घेऊन पाच दारात जोगवा मागायचा. त्यातलं एक दार माझं. मी पीठ घालायची तिच्या परडीत. ती खाली बघायची, मीबी खाली बघायची. एकदाच बोलली. परडी म्होरं धरून, दुसरा हात जटंला लावून म्हणाली, काकू, कुरळं एवढंच झालं व्हय?

शाळंत तिच्या बाकावर कोण बसंना. सातवीतनं घरी बसली. लगदा वाढत वाढत कमरंपातुर आला, आणि मी बाकीच्या पोरींचे केस कुरळे करायचं कवाच सोडलं हुतं.

म्हातारी वारली, तरी घरात भीती तीच. जयसिंगपूरची माणसं वैशीला बघायला आली, जट बघितली आणि पोहे तसेच ठेवून उठली. त्याच आठवड्यात ती दुपारची माझ्याकडं आली, मशीनपुढं पाठ करून बसली आणि आंबाडा सोडला. म्हणाली, काकू, कापू नका, कापली तर आई जन्मभर भ्याल. तुम्ही बांधलीसा, तुम्हीच सोडा. देवीची असली तर सुटायची न्हाय, तुमची असली तर सुटंल.

खरं सांगते, त्या घडीला माझाच इस्वास डळमळला. एवढ्या वर्सात मलाबी वाटायला लागलं हुतं की म्हातारी म्हणायची तेच खरं असंल, कारण ते खरं असलं की माझी सुटका हुती. पण हात घातला. खोबरेल तेल मुरवलं, शिवण उसवायची सुई घेतली आणि टोकाकडनं एकेक केस मोकळा करायला लागले. किती दुपारी गेल्या. नंतर नंतर इंदू येऊन उंबऱ्यात बसायची, पदर तोंडाला.

लगद्याच्या पार गाभ्यात पोचले आणि सुईला सूत लागलं. पिवळं. मी बोटानं उकललं तर आतनं चिंधी निघाली, गाठ तशीच. शिवणाऱ्या बाईला आपली गाठ कळती. मी चिंधी इंदूच्या हातात दिली, तिनं आपल्या ब्लाऊजचं कापड वळखलं. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरती, आणि धरल्याच पायजेत. तर ती उठली, घरी गेली आणि चिंधी देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू लावलं. अजून हाय तिथं. वैशी ते बघून इतकी हसली, इतकी हसली की शेवटाला रडायला लागली.

पुढं जयसिंगपुरातच दिली तिला, ते पोहे सोडून उठलेले न्हवं, दुसरी माणसं, चांगली हाईत. सगळं बरं हाय तिचं. केस परत आले, शाळा काय आली न्हाय. ती मला कवा बोलून दाखवत न्हाय, आणि न बोलण्याचंच ओझं हुतं बगा माणसाला.

परवा सुट्टीला आलती, लेकीला घेऊन. लेकीचे केसबी तसेच, सरळसोट. पोरगी म्हणती, आज्जी, मला कुरळं कर. मी वैशीकडं बघितलं. ती म्हणाली, करा की काकू. मी जवस काढलंच न्हाय, नुसत्या पाण्यावर बांधलं, पोरीला उन्हात बसवलं आणि वाळूस्तवर शेजारनं हलले न्हाय. सगळ्या चिंध्या माझ्या हातानं सोडल्या. वैशी म्हणाली, एक ठेवा की, देव्हाऱ्यात जोडी हुईल. ती हसली, मला काय हसायला आलं न्हाय.

पोरीच्या डोस्क्यावर हात ठेवला, सुखी ऱ्हा म्हणाले, आणि बोटं पार मुळापासनं टोकापातुर फिरवली. कुठं अडली न्हाईत. तरी आणि एकदा फिरवून बघितली.