रमीचा चौथा गडी

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर यायचा होता, म्हणून मी पुस्तक उघडलं. शेजारी वृद्धाश्रमातल्या दोन आजी बसल्या होत्या, एक उंच आणि एक ठेंगणी. त्यानंतर माझं पान काही उलटलं नाही.

“मुलगा कुठे गेला तुझा?” उंच आजींनी विचारलं.

“गाडी लावतोय. डॉक्टर गुडघा बरा म्हणाले, की मला कायमची घरी नेणार आहे.”

“आणि आम्ही रमीला चौथा गडी कुठून आणू? लंगड तू!”

“सकाळपासून लंगडतेच आहे की.”

“सकाळी उजवा होता. आता डावा धरलायस.”

“अगं बाई! दुखत होता कुठला?”

“मला काय विचारतेस? गुडघा तुझा!”

“मुलाकडे त्रास आहे का गं काही?” उंच आजींनीच पुढे विचारलं.

“छे! सोन्यासारखी माणसं. पण भांडायचं कुणाशी? सून एका शब्दाने उलटून बोलत नाही.”

“अरेरे!”

ठेंगण्या आजी आत गेल्या त्या दोन्ही पायांनी लंगडत. बाहेर आल्या तुरुतुरु.

“पकडली गेलीस ना?”

“लगेच! मग खरं ते सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला मी समजावतो, राहा तिथेच. फक्त एक अट आहे.”

“कसली?”

“त्यांच्या आईला रमीत एकदा तरी जिंकू द्यायचं.”

“त्यांची आई कोण?”

“आपल्या समोरच्या खोलीतली. पदरात पत्ते लपवते ती.”

“ती? छट्! त्यापेक्षा तू घरी जा.”