कुठला सोमवार?

—नाही, हात लावू नकोस. आधी चहा घे. माऊस सोड म्हणते ना मिहीर, तो तुझ्या शशीकाकांचा आहे— आणि सारखं "अलकाकाकू, फक्त दोन तास लागतील" करू नकोस, दोन तासांत काय काय होतं ते मला ठाऊक आहे, दोन तासांत माणूस हॉस्पिटलमध्ये जातो आणि परत येत नाही. बिस्किट घे. सपोर्ट संपला, सपोर्ट संपला— ऑक्टोबरपासून तेच चाललंय. मशीन चालू केलं की पाटी हजर, म्हणे तुमचा कॉम्प्युटर आता सुरक्षित नाही. अगं बाई! मी तरी कुठे आहे? मी आपली रोज सकाळी "रिमाइंड मी लेटर" दाबते आणि कामाला लागते. सपोर्ट संपला तरी चालू राहतं रे सगळं. मला विचार.

तुला नंदूने पाठवलंय, कळतं मला. अध्यक्ष झाल्यापासून त्याला सगळंच नवीन हवं. "काकूंना आता त्रास नको"— म्हणजे काय, तर काकू आता नकोत. इतकी वर्षं मंडळाचा अंक कुणी काढला? मी. इथे लंडनला, क्रॉयडनच्या या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये, हा हीटर पायाशी घेऊन. दुसरं होतं कोण मराठी टाईप करायला? तुझी आई? तिला 'ज्ञ' सापडेपर्यंत दिवाळी उलटून जायची. आणि आता म्हणे नव्या सिस्टिममध्ये कुणीही नुसतं बोलायचं, की आपोआप मराठी उमटणार. उमटू दे. वेलांटी पहिली की दुसरी ते बघणार कोण— तू? तुला तर वाचताही येत नाही. रागावू नकोस, खरं तेच सांगतेय. तिकडे केंब्रिजला कॉम्प्युटरला माणसासारखं बोलायला शिकवतोस, आणि स्वतःच्या आडनावातला रफार कुठे द्यायचा ते मला फोन करून विचारतोस.

काय म्हणालास? फॉन्ट? हो, जुनाच आहे. तू मला काय शिकवतोस— ज्याच्या मशीनवर हा फॉन्ट नाही त्याला मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते, टोप्या घातलेले ई आणि शेपट्या फुटलेले सी, सगळं माहितीये. म्हणून तर हे शेवटी त्याची पीडीएफ करायचे. मी टाईप करायची, हे पीडीएफ करायचे, मग जायचा तो अंक सगळ्यांना. माझं काम टाईप झालं की संपायचं. मग हे गेले, आणि दिवाळी अंक मी आपला टाईप केला, ईमेलला जोडला, पाठवून दिला. तशीच फाईल, सरळ. लक्षातच आलं नाही रे. पुढे एजवेअरला लेकीकडे गेले, तर नातीने, सान्वीने लॅपटॉप उघडला आणि विचारते कशी, "आजी, इज धिस पोलिश?"

पायाखालची जमीन सरकली माझ्या. अख्ख्या मंडळाच्या घरोघरी गेलेला अंक! वाटलं, आता फोन येतील, आता नंदू बोंबलेल. फोन उशाशी घेऊन बसले. आणि आलं काय? "नेहमीप्रमाणे दर्जेदार"— हा नंदू. "मुखपृष्ठ अप्रतिम"— हे मंडळातले श्रीनिवास. मुखपृष्ठ नव्हतंच रे, तेही तुझे काकाच करायचे! आणि कुणीतरी "संग्राह्य" म्हणे. संग्राह्य! कशाचा संग्रह करणारेस बाबा, पोलिशचा? एकानेही— एकानेही विचारलं नाही की अलका, हे काय पाठवलंयस, तुझं बरं आहे ना.

मग आली संक्रांत. मी म्हटलं, थांबा आता. तिळगूळ घ्या, गोड बोला वगैरे काही लिहिलं नाही. होतं ते लिहिलं. हे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत डबे येत होते, फ्रीजमध्ये मावेनात, आणि चौदाव्या दिवशी जी बेल बंद पडली— मी इलेक्ट्रिशियन बोलावून तपासून घेतली, बेल चांगली होती. ते लिहिलं. कोण काय कबूल करून गेलं आणि कोण फिरकलं नाही, नावानिशी लिहिलं. आणि मुद्दाम पीडीएफ न करता पाठवलं. सगळ्यांच्या तोंडावर बोलले मी, आणि कुणाला ऐकू गेलं नाही. फार बरं वाटलं. झोप लागली त्या दिवशी.

आणि आता तू आलायस पेनड्राइव्ह घेऊन. नवी सिस्टिम घालणार, जुने अंक नव्या मराठी फॉन्टमध्ये बदलणार, पाडव्याला वेबसाइटवर चढवणार. सगळ्यांना वाचता येतील म्हणे— कुणी सांगितलंय वाचायला? ...घड्याळ काय बघतोस? जास्त बोलले का मी? बोलले असेन. परवा पोस्टमनशी बोलले, त्यानंतर आज तूच.

थांब. मघाशी दारात बूट काढताना काय म्हणालास? "काकू, आईला संक्रांतीचा अंक इतका आवडला, वाचताना रडली." मलाही तसंच कळवलंय तिने. रडेल, वरदाच ती. यांच्या तेराव्याला याच खुर्चीत बसून रडली होती, तू बसलायस ना, तिथेच. "तू एकटी नाहीस हं अलका, मी येते सोमवारी." ट्रामचे दोन स्टॉप आहेत आपल्या घरांच्या मध्ये. कुठला सोमवार, तेवढं सांगायचं राहिलं तिचं.

चल, कर अपग्रेड. घे माऊस. अरे खरंच, चिडून नाही म्हणत. फक्त बदलायला सुरुवात संक्रांतीच्या अंकापासून कर. पहिलं नाव तुझ्या आईचं आहे.

काय झालं? घे ना. हात का काढलास?

बरं. मग नंदूला सांग, काकूंचं मशीन फार जुनं आहे, त्यावर नवी सिस्टिम चढत नाही. एवढं खोटं जमेल तुला, वरदाचाच मुलगा आहेस. चहा राहू दे, निवला तो. आणि जाताना दार ओढून घे नीट— आपोआप लागत नाही ते.