गुडघा उठल्यावर

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या नणंद-भावजयीकडे लागले होते.

“वहिनी, खरंच डोंगर चढलात?”

“चढले की. अर्ध्या दिवसाचाच निवडला आणि अकराला निघाले. दहाच्या आधी माझा गुडघाच उठत नाही, त्याला मी काय करू?”

“आणि तुम्हाला नको म्हणणारा तो पहाटेचा ग्रुप?”

“उतरताना भेटला. म्हणे, आता कशाला जाताय, वर कोणी नाही.”

“मग?”

“खरंच कोणी नव्हतं. अख्खं शिखर माझं एकटीचं. ऐसपैस पाय पसरून डबा खाल्ला.”

“डॉक्टर ओरडतील हं.”

“चालत राहा, असं त्यांनीच सांगितलंय. कुठे, ते नाही सांगितलं.”

शिंपीणबाईंना राहवेना. “पुढच्या वेळी किती वाजता निघणार?”

“तुमचा गुडघा किती वाजता उठतो?”