अकरा नावांपुढची खूण

"हॅलो?... हो, मीच. अगं मीच बोलतेय! शाळा सुटलीय आत्ताच, बाहेर बसेसचा गोंगाट आहे, जरा मोठ्यानं बोल... हां, आता येतंय ऐकू. आलं, आलं पत्र. उघडतेय."

ओफेलिया बारिएन्तोसनं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि पायानंच खोलीचं दार लोटलं. सीमेलगतच्या लास मोरास गावातल्या मिडल स्कूलमध्ये ती मुलांची समुपदेशक. परीक्षांचं सगळं कामही गेली नऊ वर्षं तिच्याच गळ्यात. फोनवर होती मिनर्वा, शाळेची मुख्याध्यापिका आणि ओफेलियाच्या लेकीची धर्ममाता. ती सकाळपासून वीस मैलांवरच्या, शाळांच्या जिल्हा कचेरीत, सुपरिंटेंडंट स्ट्राउडसाहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसली होती.

ऑगस्टात राज्यानं शाळेला एफ दर्जा दिला होता. लागोपाठ पाचवा. पाच एफ झाले की राज्य शाळेला कुलूप ठोकू शकतं, आणि मग लास मोरासच्या पोरांनी पहाटे उठून चाळीस मैलांवरच्या शाळेची बस धरायची. दर्जावर अपील करायची मुदत आज पाचला संपत होती. आत्ता चारला दहा कमी होते.

"वाचतेय गं... घाई नको करू. 'परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या'... हं... 'मदत केंद्रातल्या डार्लीन या महिलेनं फोनवर असं सांगितलं की'..."

ती थांबली. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

"मिनर्वा, हे काय आहे?... वाचता येतं मला. मी विचारतेय, हे काय आहे?... कोणी लिहिलं?... तू लिहिलंस. आणि साहेबांना माहितीये?... म्हणजे त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. वा!"

पडद्यावरचं पत्र दीड पानाचं होतं. गेल्या वर्षी शाळेत अकरा मुलं सीमेपलीकडून नव्यानं आली होती. अशा मुलांचे पहिल्या वर्षाचे गुण शाळेचा दर्जा ठरवताना धरत नाहीत. फक्त परीक्षेआधी संगणकावर प्रत्येकाच्या नावापुढे तशी खूण करावी लागते. ती खूण झालीच नव्हती. धड इंग्रजी न येणाऱ्या अकरा पोरांचे गुण धरले गेले आणि शाळा अठ्ठावन्नावर आली. साठ झाले असते तर डी मिळाला असता आणि शाळा वाचली असती. पत्रात म्हटलं होतं, खुणेची गरज नाही असं कंपनीच्या डार्लीननंच सांगितलं. खाली ओफेलियाच्या सहीसाठी रेघ ओढलेली होती.

"डार्लीननं असं काही सांगितलं नव्हतं... नाही म्हणजे नाही!... अगं ऐक ना. ऐक. सिस्टीम अडकली होती. ती बिचारी चाळीस मिनिटं माझ्याबरोबर फोनवर होती. हे दाब, ते बंद कर, परत उघड... शेवटी म्हणाली, 'पोरी, तासाभरानं पुन्हा उघड, तेव्हा होईल. आजच कर मात्र, उद्या यादी बंद होते.' इतकं स्पष्ट. आणि मी नाही उघडलं. झालं. एवढीच गोष्ट आहे ती."

"..."

"हो, नियम पाठ आहे मला. चूक आपल्या हातची असेल तर राज्याचं खातं कान देत नाही. कंपनीची असेल तर देतं. म्हणून काय कंपनीची करायची?"

"..."

"तिला कोण शोधायला जाणार म्हणजे? तुझ्या पत्रात तिचं नाव आहे, तारीख आहे, वेळ आहे! कंपनीवाले पहिल्यांदा तिलाच उभी करतील... आयोवात असो नाहीतर आणखी कुठं, माणूसच आहे ना ती?... माझ्यासाठी? माझ्यासाठी करतेयस हे तू?"

ओफेलिया खुर्चीत बसली. मिनर्वा खोटं बोलत नव्हती, हे तिला कळत होतं. साहेबांनी गेल्याच आठवड्यात विचारलं होतं, ही यादी कोण बघतं. चूक कोणाची हे कागदावर आलं की ओफेलियाची गच्छंती ठरलेली. मिनर्वा तिला पाठीशी घालत होती, पण त्यासाठी दुसरीचा बळी देत होती.

"ओरडू नकोस. काचेतून दिसत असशील त्यांना... मीसुद्धा नाही ओरडत. बरं, ओरडतेय. त्या दिवशी मी कुठं गेले होते, हे तुझ्याइतकं कोणाला माहितीये? गेटवर हॉर्न कोण वाजवत होतं?"



तो एप्रिलमधला शुक्रवार होता. ओफेलियाच्या लेकीला, मारिसोलला, पंधरावं लागणार होतं. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा इथं लग्नासारखा सोहळा करतात आणि त्या दिवसाचा गाऊन धर्ममातेनं द्यायचा असतो. लारेडो शहरातलं दुकान पाचला बंद व्हायचं आणि मिनर्वा गाडी घेऊन फाटकाशी उभी होती. ओफेलियानं संगणक बंद केला, पर्स उचलली आणि 'संध्याकाळी घरून करू' असं मनाशी म्हणत पळाली. संध्याकाळी मारिसोल आरशासमोर गाऊन घालून गिरक्या घेत होती. खूण आठवली ती थेट ऑगस्टात, निकाल लागल्यावर.

"मिनर्वा?... आहेस ना?... अगं, नाही. ते नाही लिहिणार मी. घाबरलीस होय?... खूण करायचं काम माझं होतं, तुझं नव्हतं. तुझं नाव कुठंच येणार नाही... रडू नकोस आता. वेळ नाही रडायला. चार वाजून बारा झालेत."

"..."

"काय सांगतेस?... गावातलं कोणी कोणाला बोललं?... एरलिंदाला? यारेत्झीच्या आईला?... कुठं, लॉन्ड्रीत? कपडे धुताना?... सगळ्यांसमोर?"

यारेत्झी त्या अकरा जणांतलीच एक. ओफेलिया उभी राहिली. बोलता बोलता तिचा आवाज खाली आला.

"नीट सांग. शब्दाला शब्द सांग. कोण म्हणालं ते नको, काय म्हणालं ते सांग... 'तुमच्या पोरी येतात, काही येत नाही त्यांना, आणि शाळा आमच्या पोरांची बंद पडते.' असं तोंडावर म्हणाली?... आणि एरलिंदा काय म्हणाली?... ओलेच कपडे उचलून निघून गेली. अरे देवा!"

"..."

"मला वाटलं ताप आहे पोरीला. तीन दिवस आली नाही शाळेत. मी हजेरीवर 'आजारी' असं लिहून ठेवलं... तुला कधी कळलं हे?... सोमवारी! आज गुरुवार आहे, मिनर्वा!"

"..."

"थांब, थांब. पत्रानं पोरांचं नावही साफ होईल म्हणतेस. ते मी ऐकलं. पण महिनाभर माझं तोंड शिवलेलं होतं, त्याचं काय? निकाल लागला त्याच संध्याकाळी मला कळलं होतं चूक कुठं झाली ते. तुला सांगितलं, तेही अर्धवट, आणखी कोणाला नाही. म्हटलं, अपील होईल, निस्तरेल, कशाला बोभाटा. गावात लोक बोलत होते तेही कानावर येत होतं. 'नवी पोरं आली आणि शाळा बुडाली.' मी ऐकून घेतलं. वाटलं, लोक बोलतातच. त्या पोरीच्या आईला कोणी लॉन्ड्रीत गाठेल, हे नव्हतं आलं डोक्यात... नव्हतं की येऊ दिलं नव्हतं, देव जाणे."

तिनं मिनर्वाचं पत्र बाजूला सारलं आणि कोरं पान उघडलं. फोन टेबलावर ठेवून त्याचा स्पीकर लावला. पलीकडून मिनर्वाचा आवाज येत होता, ओफेलिया टाइप करत होती, आणि मध्येच बोलत होती.

"ऐकतेय, बोल तू... हो, टाइपच करतेय... काय म्हणजे? खरं काय झालं ते. 'खूण करण्याची जबाबदारी माझी होती. मदत केंद्रानं मला योग्य सूचना दिली होती. मी ती पाळली नाही.' पुढं अकरा जणांची नावं... मुलांच्या प्रवेशाच्या तारखा आहेत माझ्याकडे, पलीकडच्या शाळांचे दाखले आहेत, सगळ्यांचे आहेत. ही मुलं पहिल्या वर्षाची होती, हे काही माझ्या चुकीनं बदलत नाही. त्यांचे गुण वगळा, एवढंच मागायचं राज्याकडे. बाकी त्यांच्या मर्जीवर."

"..."

"फेकू देत की टोपलीत! पण फेकतील तर खरं पत्र फेकतील... वेड नाही लागलं मला. मिनर्वा, तुझ्या त्या पत्रावर मी सही करणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय तो नुसता कागद आहे, हे तुलाही... हॅलो?... हॅलो?"

मिनर्वानं फोन आपटला होता.

ओफेलियानं पत्र छापलं, सही केली आणि दाखल्यांचा गठ्ठा एकेक करून स्कॅनरवर ठेवायला घेतला. सातव्या कागदाला यंत्र अडकलं. तिनं झाकण उघडलं, चुरगळलेला कागद ओढून काढला, तळहातानं सपाट केला, पुन्हा घातला.  चार चाळीसला सगळं गेलं. मिनर्वाला पाठवलं, आणि या वेळी सुपरिंटेंडंटनाही. अपील फक्त त्यांच्याच हातून दाखल होऊ शकत होतं.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"हॅलो?... अं... हो, साहेब. बोला."

ती नकळत उठून उभी राहिली.

"हो, मीच पाठवलं... वाचलंत ना सगळं?... हो साहेब, शपथेवर सांगायची तयारी आहे... नाही. मुख्याध्यापिकांनी सांगितलं म्हणून नाही लिहिलेलं. माझं मी लिहिलंय."

"..."

"आधीचं पत्र?"

ओफेलियानं डोळे मिटले. मिनर्वाचं पत्र समोर पडद्यावर अजून उघडंच होतं.

"आधीचा मसुदा चुकीचा होता, साहेब. त्यावर माझी सही नाही, आणि तो आता कुठं जाणारही नाही. मी मिनर्वाला महिनाभर अर्धवटच काहीतरी सांगत राहिले. त्यातून तिनं जे जुळवता आलं ते जुळवलं. तेवढं माझ्यावर धरा."

"..."

"कळतं मला... हो, शक्यता कमी आहे, तेही कळतं... फारच कमी. ठीक आहे. पण साहेब, पाच वाजून गेल्यावर कमी-जास्त काहीच उरणार नाही... परीक्षांचं काम काढून घ्या माझ्याकडून. चौकशी लावा. जे करायचं ते उद्या सकाळी करा, मी येईन कचेरीत. आत्ता अकरा मिनिटं राहिलीत... हो. हो साहेब... थँक यू. धरते मी."

ती धरून राहिली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी कोणाला तरी फाइलचं नाव विचारलं. चार बावन्न झाले. चार चौपन्न. ओफेलिया पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत राहिली.

"हॅलो?... मिनर्वा, तू?... काय झालं?... लाल अक्षरात काय लिहून आलं?... फाइल मोठी आहे? मग दाखले वेगळे कर! पत्र एक, दाखले दुसऱ्या फाइलीत... अगं, दोन फाइली चालतात, मी नियम वाचलेत. कर!... नाव नको बदलत बसू. दाब... दाबलंस?... फिरतंय? फिरू दे. हात नको लावू कशाला... साहेबांनाही सांग, कोणी हात नका लावू."

"..."

"आली पोच? वाच. नंबर वाच... शेवटचे चार परत... आणि वेळ?... चार सत्तावन्न."

तिनं नंबर कागदावर लिहून घेतला आणि खुर्चीत बसली. 

"आहे, आहे मी... नाही, रागावले नाहीये. फोन आपटलास तेव्हा रागावले होते... तू माझ्यासाठी करत होतीस, माहितीये मला. म्हणून तर नको होतं... निकाल? दोनेक महिने लागतील. तोवर पोरं याच शाळेत येणार. पुढचं पुढं."

"..."

"सहाला पालकांची सभा आहे, हो. कॅफेटेरियात... नाही, 'अपील केलंय, वाट बघू' एवढंच सांगून नाही भागायचं. मी बोलेन. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, दोन्हीत. चूक माझी, पोरांची नाही... लोक बोलतील ते बोलू देत. तू यायच्या आत मी आलेली असेन परत."

तिनं किल्ल्या उचलल्या, संगणक बंद केला.

"एरलिंदाकडे... आत्ता, हो. सभेत सगळ्या गावाबरोबर कळण्याआधी तिला कळायला हवं... फोन नाही करणार. असलं फोनवर नसतं सांगायचं... नको, तू नको येऊ. मी एकटीच जाते."

"..."

"दार नाही उघडलं तर बाहेरून सांगेन. तोंडावर आपटलं तरी बाहेरून सांगेन. आत यारेत्झीला ऐकू गेलं म्हणजे झालं... ठेवते, मिनर्वा."