सिस्टरबाई आणि माशांचा दवाखाना

...न्हाई, विचारायचं तर विचारा की, कुणी न्हाई म्हणलं? पण कुणाला विचारावं? काकासाहेबांना? अन् तेही समोरच्या दारात चतुराबाई बसलेली असताना? तुम्हाला सांगतो, हे सगळं मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, कारण जालन्याच्या मस्तगडात आमच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान या दोघांच्या बराबर मधोमध, डाव्या अंगाला चतुराबाईचं दार, समोर काकासाहेबांचा ओटा, अन् मधी मी, पाय मशीनवर अन् कान रस्त्यावर.

आता चतुराबाई कोण, ते आधी सांगतो. चतुराबाई म्हणजे सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होती, एक न्हाई दोन न्हाई, एकतीस वर्षं. जाफराबादकडच्या एका खेड्यातली पोरगी, बापानं हट्टानं नर्सिंगला घातली, तवा नेसलेली पांढरी साडी शहाण्णव साली रिटायर झाली तवाच सोडली. अन् जालन्याचं तर तुम्हाला माहीतच आहे, जिल्हा झाल्यापास्नं गल्लोगल्ली नर्सिंग होम निघाले, काल जिथं किराणा दुकान होतं तिथं आज डॉक्टरची पाटी, लोकं बिचारे गोंधळून गेल्ते, कुठं दाखवावं, कुणावर भरोसा ठेवावा... मंग यायचे चतुराबाईकडं. वाटूरहून यायचे, परतूरहून यायचे, एसटीतून उतरलं की पिशवी काखेत मारून सरळ हिच्या दारात. सिस्टरबाई, मुतखडा आहे, कुठं जाऊ? सिस्टरबाई, सुनेचं पोट दुखतंय, कुठं नेऊ?

अन् ती उगाच तोंडाला येईल ते सांगत नसायची बरं. नवीन नर्सिंग होम निघालं की स्वतः जाऊन बघून यायची. डॉक्टरला भेटायची न्हाई, पहिल्यांदा जायची संडासात. तिथून निघाली की खाटेखाली बोट फिरवायची. मंग बाकड्यावर बसून ऐकायची, की पायात चप्पल नसलेला माणूस आला तर आयाबाई त्याच्याशी कशी बोलते. मंग एखाद्या सिस्टरला हळूच विचारायची, सलाईन संपत आलं तर कोण बघतं गं, तू का पेशंटचा नातेवाईक? एवढं झालं की निकाल. डॉक्टर कुठून शिकून आलेत, मशीन कोणती आहे, ते तिच्या लेखी नंतरचं. बरं, एकतीस वर्षं या कामात घातलेल्या बाईचा शब्द, कोण मोडणार?

मोडला. काकासाहेबांनी मोडला.

काकासाहेब मूळचे वाटूरचे, घरची जमीन, पोरांच्या शिक्षणासाठी इथं घर बांधलं अन् ओट्यावर बसायला लागले. माणूस वाईट न्हाई, बिलकुल न्हाई, पण साठ वर्षांत एकदा बी ताप आला नसेल त्यांना. अन् अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पोरानं नेलं कुठं, तर मोठ्या रस्त्यावरच्या त्या नव्या तीन मजली नर्सिंग होमात, जिथं आत गेल्या गेल्या काचेच्या पेटीत रंगीत मासे आहेत, सगळं गाव त्याला माशांचा दवाखानाच म्हणतं. आठ दिवस राहिले. अन् आठ दिवसांनी जे परत आले, ते पेशंट न्हाई, तज्ज्ञ होऊन आले.

ओट्यावर बसायचे अन् सुरू. "खाट काय सांगू तुम्हाला, दांडा फिरवला की डोकं वर येतं, मी तर जेवायला उठलोच न्हाई, खाटच उठली." सकाळी सिस्टर येते, काका झोप लागली का म्हणती, अन् ते मासे, एक पिवळा, त्याला मिशा आहेत... आता मला सांगा, एकीकडं संडासाची गोष्ट अन् एकीकडं मिशावाल्या माशाची, लोकं कोणती ऐकणार? एक दिवस तर त्यांनी सांगितलं, की माझं बीपी एकशे नव्वद निघालं, आख्ख्या वॉर्डात कुणाचं एवढं नव्हतं. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं! दारात तांदूळ निवडत बसलेल्या चतुराबाईनं सूप खाली ठेवलं.

अन् मंग एकेक जण निघून जायला लागला. आधी आमची तुळजाबाई, पोटात खडे झाल्ते, ती काकासाहेबांना विचारून आली. मंग तुळजाबाईची जाऊ. मंग बाहेरगावचे. पिशवीवाला माणूस गल्लीत शिरला की चतुराबाई पदर सारखा करून बसायची, माणूस जवळ यायचा, हसायचा, अन् विचारायचा की काकासाहेबांचं घर कोणतं? एकतीस वर्षं एकीकडं अन् आठ दिवस एकीकडं, अन् आठ दिवस जड!

तिच्या जीवाची कशी तगमग होत होती ते मला दिसत होतं. नवरा पुंजाराम, शांत माणूस, शाळेतून रिटायर झालेला, तो म्हणायचा की बरं झालं, तुझ्या डोक्याचा ताप गेला. तिला हवा होता ना तो ताप! ती म्हणायची, त्या माणसाला सलाईन अन् सिरिंज यातला फरक कळत न्हाई अन् लोकं त्याला विचारून पोट फाडून घेऊन राह्यले. अन् हे म्हणताना आवाज मुद्दाम मोठा, समोर ऐकू जावा म्हणून. समोरून काकासाहेब हात जोडायचे, "रामराम सिस्टरबाई." माणूस चांगला असला की राग काढायची बी पंचाईत.

पण खरा घाव बसला तो घरातच. तिचा मुलगा संपत, पंचायत समितीत कारकून, अन् सून शिवकन्या, पहिलटकरीण, सातवा महिना. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, पण शिवकन्याच्या आईनंच निरोप धाडला, की सासू सिस्टर आहे तर पोरगी तिथंच राहू द्या. केवढा मान! चतुराबाई आठ दिवस जमिनीवर नव्हती. अन् एका संध्याकाळी संपत समोरच्या ओट्यावरून उठून आला अन् चपला काढता काढता म्हणतो कसा, "आई, काकासाहेब म्हणत होते, माशांच्या दवाखान्यात नाव घालू का शिवकन्याचं?"

काय वाटलं असेल हो? ज्या पोराला स्वतःच्या हातानं लसी टोचल्या, तो पोरगा! त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं अन् कुणाची बोलायची हिंमत झाली न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला नेऊन लिंबाच्या दवाखान्यात नाव घातलं. लिंबाचा म्हणजे ते जुनं, दारात कडुलिंब असलेलं, म्हातारे डॉक्टर वरच्या मजल्यावरच राहतात, देवमाणूस. अन् तिसऱ्या दिवशी ती निघाली माशांच्या दवाखान्यात, खोट काढायला. माझ्याकडून पांढऱ्या कापडाचा तुकडा मागून नेला. मी म्हणलं कशाला, तर म्हणली धूळ पोराला दाखवायला लागेल.

तिथं काय झालं ते तिनं लई दिवसांनी सांगितलं. आधी मासे बघितले, एखादा मेलेला सापडतो का म्हणून. सगळे जिवंत. संडासात गेली, तर कोरडा, साबण जागेवर. खाटेखाली कापड फिरवलं, कापड पांढरं ते पांढरंच. बाकड्यावर बसली, तर चिखलाच्या पायानं एक म्हातारा आला अन् आयाबाईनं त्याला बसवून पाणी दिलं. अन् तेवढ्यात वरच्या जिन्यावरून मोठी सिस्टर उतरली अन् हिच्या पायाच पडली. कोण? द्वारका! हिच्या हाताखाली शिकलेली पोरगी, हात न धुता ड्रेसिंगला गेली म्हणून जिला हिनं कधीकाळी बोटावर फूटपट्टी मारल्ती.

द्वारकानं हाताला धरून सगळं फिरवलं. ऑक्सिजन दाखवला, रक्ताची सोय दाखवली, कमी दिवसांच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी दाखवली, बाळाचे डॉक्टर इथंच राहतात ते सांगितलं. अन् शेवटी म्हणली, "सगळं तुम्ही शिकवलं तसंच ठेवलंय मॅडम."

आता दुसरी कुणी असती तर तिची छाती भरून आली असती. हिची बी आली असेल, पण रागानं. म्हणजे बघा, आठ दिवस काकासाहेबांची जी सेवा झाली ती हिच्याच शिकवणुकीची, अन् नाव कुणाचं, तर काकासाहेबांचं अन् माशांचं! घरी आली. संपतनं विचारलं, कसं आहे गं? तर म्हणली, "पाणी लई साठवलंय. डास होतील."

संपला विषय. पण शिवकन्याचं शरीर काही हिच्या रुसव्यावर चालत नव्हतं.

तीन आठवडे झाले असतील. आठवा सरत आल्ता. दुपारची वेळ, मी कुणाचातरी सफारी कापत होतो. शिवकन्या दारात आली अन् सासूला म्हणली, आत्या, बांगड्या फिरत न्हाईत हातात. चतुराबाईनं तिच्याकडं बघितलं मात्र, तिचा चेहराच बदलला. डोकं दुखतंय का? सकाळपास्नं. डोळ्यापुढं काजवे चमकतात का? चमकतात. आतून बीपीचं मशीन आणलं, एका हाताला लावलं, मंग दुसऱ्या हाताला लावलं, अन् मला हाक मारली, "रिक्षा आण, जल्दी."

त्या हाकेत जे होतं ना... मी कैची टाकून पळालो. रिक्षा आणली, तोवर आख्खी गल्ली गोळा झाल्ती. पुंजाराम दादा पिशवी घेऊन उभे, पोरगी डोळे मिटून भिंतीला टेकलेली. रिक्षावाला गल्लीतलाच, त्याला सगळं माहीत, तो म्हणला लिंबाच्या दवाखान्यात ना सिस्टरबाई?

अन् ती थांबली. मी शेजारीच उभा होतो. समोर ओट्यावर काकासाहेब उठून उभे राहिल्ते. तिला कळत होतं, म्हातारे डॉक्टर देवमाणूस, पण रक्त बाहेरून आणावं लागतं, बाळाचे डॉक्टर फोन करून बोलवावे लागतात. अन् बाळाची पेटी कुठं आहे, कोणत्या खोलीत आहे, हे तिनं तीन आठवड्यांमागं स्वतः बघितलं होतं. किती वेळ थांबली असेल? तुम्ही एक घोट पाणी प्याल, तेवढा. पण एकतीस वर्षं तेवढ्यात उभी राहिली असतील तिच्यापुढं.

"माशांच्या दवाखान्यात घे," ती म्हणली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अन् काकासाहेब, काय म्हणावं त्या माणसाला, मायेनंच म्हणले, "बराबर. माझं नाव सांगा तिथं."

तिनं दात आवळले अन् रिक्षात बसली. मी पुढं रिक्षावाल्याशेजारी. सगळी वाट तिचा हात सुनेच्या नाडीवर, अन् सारखी बोलत होती, झोपू नको शिवकन्या, माझ्याकडं बघ. दारातच द्वारका होती. तासाभरात सिझर झालं. पोरगी झाली, जेमतेम पावणेदोन किलो. डॉक्टर म्हणले की अजून अर्धा तास उशीर झाला असता तर आईला झटके आले असते, मंग कुणाचंच सांगता आलं नसतं. संपत कचेरीतून धावत आला तवा चतुराबाई बाळाच्या काचेच्या पेटीपुढं उभी होती, अन् द्वारका तिला म्हणत होती, बसा ना मॅडम. ती बसली न्हाई. दहा दिवस तिथंच होती, पण एका सिस्टरला एक शब्द बोलली न्हाई, कारण बोलायला जागाच ठेवल्ती कुणी?

अकराव्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. अन् संपतनं पेढे घेतले अन् पहिला पुडा नेला कुठं? समोर! गल्लीत एकच बोलणं, काकासाहेबांमुळं दोन जीव वाचले. ते बिचारे म्हणत होते, मी नुसतं सांगितलं हो, केलं सिस्टरबाईनं, पण त्यानं तर त्यांचा मोठेपणा अजूनच वाढायचा! चतुराबाईला राहवलं न्हाई. तुळजाबाई बाळ बघायला आली तवा तिनं सगळं काढलं, की द्वारका माझी शिष्य, तिथली शिस्त माझी, सूज मी ओळखली, बीपी मी बघितलं. तुळजाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणली, "पण काकासाहेबांनी सांगितलं नसतं, तर तुम्ही तिथं बघायला गेल्या असत्या का?"

गेली होती ती जळूनच गेली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? त्या दिवसापास्नं तिचा आवाज समोरच्या ओट्यापर्यंत गेला न्हाई.

अन् आत्ता परवाची गोष्ट. चतुराबाई दारात नातीला तेल लावत बसल्ती. जाफराबादकडची एक बाई आली, संगट पोटुशी लेक. म्हणली, ते दवाखान्याचं सांगणारे काकासाहेब कुठं राहतात? चतुराबाईनं आधी त्या पोरीला जवळ बोलवलं, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, लोहाच्या गोळ्या खाती का विचारलं, अन् मंग ओट्याकडं बोट केलं. मी मशीन थांबवली.

ती बाई दोन पावलं गेली अन् वळली. अनोळखी गाव, लेकीच्या जिवाचा प्रश्न, तिला बी खात्री पाहिजेच ना?

"मावशी, बराबर सांगतात का पण ते?"

चतुराबाईनं नातीला पालथं घेतलं अन् पाठीला तेल लावत म्हणली, "जा बिनघोर. मी बी माझ्या सुनेच्या येळेला त्यांनाच इचारलं होतं."