भिंगरीसाठी दोन बॅटऱ्या

आई — बाबा, या तिसऱ्या बॅटरीचं पोट फुगलंय.

आजोबा — कुठली म्हणतेस?

आई — ही, भिंतीकडची. हात फिरवून बघा ना. बाकीच्या दोघींच्या बाजू सपाट आहेत, हिची पुढे आलीय.

आजोबा — आलीय खरी. मग ती बाद. भंगारवाल्याला बजावलं होतं, मोबाइल टॉवरवरच्या उतरवलेल्या आहेत, नीट बघून दे. तर म्हणतो कसा, काका, तिन्ही हिरे आहेत हिरे. सरकव तिला बाजूला. नको, तू राहू दे, कंबर धरेल. मी सरकवतो.

आई — तुमची कंबर काय नवी आहे?

आजोबा — जुनी आहे, पण भार घेते अजून. आपली भिंगरी कुठंय?

आई — तुमच्या गाडीत, मागच्या सीटवर. काचेवर वाफ सोडून चित्रं काढतेय. आणि बाबा, रविवारी गिऱ्हाइकांना दुकान बंद ठेवून तुम्ही आम्हा मायलेकींना इथं कशाला बोलावलंत, ते अजून सांगितलं नाहीत.

आजोबा — सांगतो गं. आधी तो हेडलाइटचा बल्ब दे. वायरी जोडलेला आहे बघ, त्या खिळ्याला.

आई — हा? हा कशाला?

आजोबा — बॅटरीवर भार टाकायला. नुसता मीटर लावला तर सगळ्याच बॅटऱ्या साळसूद दिसतात. बल्ब लावायचा आणि आकडा किती घसरतो ते बघायचं. वाच बरं तू, माझा चष्मा घरी राहिला.

आई — चष्मा कपाळावर आहे.

आजोबा — असू दे. तू वाच.

आई — बारा पॉइंट सहा. आता बल्ब लावला. बारा चार. तिथंच थांबलाय.

आजोबा — गुणाची आहे. आता दुसरीला लाव.

आई — बारा नऊ. अरे वा, ही तर पहिलीच्याही वर. बल्ब लावून बारा सात.

आजोबा — बास बास, झालं. काढ बल्ब.

आई — इतक्यात? पहिलीला चांगला वेळ ठेवला होता. बाबा, ही दुसरी चार्जरवरून कधी काढली?

आजोबा — काढली की.

आई — कधी?

आजोबा — सकाळी. तुमच्या आधी येऊन शटर उघडलं ना, तेव्हा.

आई — म्हणजे आत्ताच. मग हिला झोपू कुठं दिलंत? गिऱ्हाइकाला दारात उभं करून सुनावता, की चार्जरवरून काढलेली बॅटरी एक रात्र तशीच ठेवायची, कुणी हात लावायचा नाही, मगच मोजायची. लगेच मोजली तर वरवरचा चार्ज असतो, आकडा खोटा येतो. मला तर पाठ झालंय तुमचं ते भाषण.

आजोबा — तू माझ्या दुकानात बस, मी तुझ्या शाळेत जातो.

आई — उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

आजोबा — म्हण, म्हण काय म्हणायचं ते. पण मला धीर निघेना, खरंच. महिना झाला, पोटात ठेवून फिरतोय. बस त्या स्टुलावर, सांगतो. मागे तू भिंगरीला इथं सोडून शाळेत गेली होतीस, आठवतं? तिला बरं नव्हतं म्हणून?

आई — हो. नाक वाहत होतं.

आजोबा — त्या दिवशी मंडपवाल्याची गाडी आली होती. हा एवढा मोठा वूफर, घुमणारा स्पीकर, बसवून घ्यायला. मी मागे वायरी जोडत होतो आणि ही चेंडू खेळत होती. चेंडू गेला गाडीखाली. काढायला वाकली, तेव्हा तोल सावरायला हात दारावर टेकला, आणि नेमकं तेव्हाच मी गाणं लावलं होतं. ती तिथंच थांबली, सूनबाई. चेंडूबिंडू विसरली. मग दुसरा हात ठेवला. मग गाल. मग चक्क पोट टेकवून उभी राहिली आणि हसायला लागली.

आई — मला बोलला नाहीत.

आजोबा — मी बंद केलं की वळून माझ्याकडे बघायची. लावलं की परत पोट टेकायची. मंडपवाला म्हणाला, काका, नातीला गाण्याचा नाद दिसतोय. मी म्हटलं, हो बाबा, आईवर गेलीय.

आई — तुम्ही मला का बोलला नाहीत?

आजोबा — बोलून काय करू? तुझ्या जिवाला आशा लावू, आणि मग त्यातून काहीच निघालं नाही तर? आधी करून बघावं म्हटलं. गाडीच्या मागच्या सीटमागं डबा बसवलाय बघ. वूफर जुना आहे पण शहाणा आहे. आणि ह्या दोन बॅटऱ्या त्याच्यासाठी.

आई — गाडीत बॅटरी आहे ना आधीच?

आजोबा — ती इंजिन सुरू करण्यापुरती. एक दणका देते आणि दमते. ही डीप सायकल म्हणजे ओझं घेऊन दिवसभर चालणारी, हळूहळू देत राहते. इंजिन बंद ठेवून वाजवायचंय मला. इंजिन चालू असलं की सगळी गाडीच थरथरते. मग तिला कसं कळणार, काय कशाचं आहे ते? तिच्यापर्यंत एकच थरथर जायला हवी. दुसरं काही नको.

आई — बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोरच म्हणाले. मशीन लावूनही काही पोचत नाही.

आजोबा — कानाला पोचत नाही म्हणाले. पोटाचं कुठं काय म्हणाले? धर ही वायर. लाल लालला. आता तिकडे अ‍ॅम्पवर बघ, दिवा लागला?

आई — लागला. हिरवा.

आजोबा — हिरवा म्हणजे सगळं ठीक. बॅटरी बसली की तो लाल होतो आणि अ‍ॅम्प आपणहून बंद पडतो. लावू? तिला सांग काहीतरी, हातांनी. आजोबा गंमत करणार म्हणावं.

आई — सांगितलं. मान डोलावतेय. बाबा, हळू लावा हं.

आजोबा — हळूच लावतो.

आई — बाबा. बाबा, बंद करा. बंद करा ते.

आजोबा — केलं, केलं बंद. काय झालं? घाबरली?

आई — सीटखाली शिरलीय. छातीवर दोन्ही हात दाबून धरलेत. नाही गं राणी, इकडे बघ, माझ्याकडे बघ. गेलं ते. गेलं. हळू म्हणजे एवढं असतं का, बाबा?

आजोबा — चुकलंच. माझे कान तीस वर्षं याच आवाजात गेलेत, मला हळू कळतच नाही. मंडपवाल्याच्या दाराला ती आपण होऊन टेकली होती. इथं मी तिच्या अंगावरच सोडलं.

आई — झालं समाधान? चला घरी.

आजोबा — थांब थोडी. मला मुळात गाणं लावायचं नव्हतंच. ते नुसतं बघायला. हा माइक बघ. फेरीवाल्याच्या गाडीवरचा आहे. जोडून ठेवलाय अ‍ॅम्पला.

आई — कशाला?

आजोबा — तुझ्यासाठी.

आई — नाही.

आजोबा — ऐकून तर घे.

आई — नाही म्हटलं ना, बाबा.

आजोबा — शाळेत बालवर्गाला दिवसभर गाणी म्हणतेस. तुला न्यायला येतो तर फाटकाबाहेर ऐकू येतं. घरी आलीस की तोंडात मूग.

आई — घरी हातांनी बोलते ना मी. ती तिची भाषा आहे. त्यात काही कमी नाही.

आजोबा — कमी आहे असं कोण म्हणालं? मीही शिकतोयच की. परवा तिला जेवायला चल म्हणालो तर लोळून लोळून हसली. काय म्हणालो होतो मी?

आई — तुम्ही तिला म्हणालात, हत्ती झोपलाय.

आजोबा — झोपला असेल. पण बोललो तरी. पोरी, मी हात सोडून दे म्हणत नाहीये. मी विचारतोय, आवाज का सोडलास? ती पोटात होती तेव्हा तू ओट्याशी गुणगुणायचीस. मी बाहेर पेपर पुढ्यात धरून बसायचो, एक ओळ वाचायचो नाही. त्या कानाच्या चाचणीनंतर आपल्या घरात गाणं नाही. माझ्या मुलालाही ते जाणवतं, पण तो तुला घाबरतो. मी म्हातारा आहे, मी विचारतो.

आई — कोणासाठी म्हणू?

आजोबा — तिच्यासाठी.

आई — दोन वर्षं म्हटलं की तिच्यासाठी. रोज रात्री मांडीवर घेऊन. रडत असली तरी गप्प व्हायची. मला वाटायचं, माझ्या गाण्याला भुलते. आल्यागेल्याला सांगायचे, आमची भिंगरी गाण्याशिवाय झोपत नाही. आणि मग डॉक्टर म्हणाले, हिला जन्मापासूनच ऐकू येत नाही. दोन वर्षं मी भिंतीला गाणं म्हणत होते, बाबा, आणि फुशारक्या मारत होते. तिचं सगळं लक्ष माझ्या गळ्यातल्या साखळीवर. गायला लागले की हात गळ्याशी. शेवटी तोडलीच, तेव्हा काढून ठेवली मी.

आजोबा — त्यावरून तू तिला ओरडलीही होतीस.

आई — तेही तिला ऐकू गेलं नाही. अजूनही गाणं घशाशी येतं. मग वाटतं, हे तिला मिळणार नाही तर मी एकटीनं काय ऐकायचं? लाज वाटते मला. दुसऱ्यांच्या पोरांना देते आणि माझ्या पोरीला देता येत नाही.

आजोबा — ये, डोळे पूस. हे फडकं नको, याला ग्रीस आहे. माझ्या बाहीला पूस.

आई — तुमच्या बाहीलाही ग्रीसच आहे.

आजोबा — आहे खरं. सूनबाई, जरा गाडीत बघ.

आई — काय?

आजोबा — बाहेर आली सीटखालून. डब्यावर थापा मारतेय बघ. कान लावून नाही, हात लावून बघतेय. मघाचं कुठं गेलं म्हणून.

आई — घाबरली होती ना?

आजोबा — घाबरली होती आणि तरी शोधतेय. मूल आहे ते, तुझ्यासारखं रुसून बसायला वेळ कुठं आहे तिला. धर माइक. शब्द नकोत. खालच्या पट्टीत नुसतं गुणगुण. आवाज मी अगदी बारीक ठेवतो, तूच सांग कितपत हवा.

आई — आणि तिला काहीच कळलं नाही तर?

आजोबा — तर आपण तिघं घरी जाऊ आणि मी हत्तीला जेवायला बोलावीन.

(आई गाडीत मुलीशेजारी बसते. माइक हनुवटीशी धरून, तोंड मिटून गुणगुणू लागते.)

आजोबा — अजून थोडी खाली ये. हां. अशीच. थांबली बघ ती. थापा थांबल्या. दोन्ही तळवे डब्यावर ठेवलेत.

आई — बाबा, ती —

आजोबा — बोलू नकोस, म्हणत राहा. तू थांबलीस की ती डब्याला ढोसते. सुरू कर. हां. आता गाल टेकला. आता माझ्याकडे बघतेय. मी नाही गं, बयो. मी काही करत नाहीये. हे बघ, आजोबाचे हात रिकामे आहेत. तिकडे बघ, तिकडे. आईकडे.

आई — बघतेय माझ्याकडे.

आजोबा — म्हणत राहा. ओठांकडे बघतेय तुझ्या. एक हात काढला डब्यावरचा. कुठं निघाली ही? मांडीवर चढते वाटतं. चढू दे, माइक जरा बाजूला घे. हात कुठं नेतेय?

आई — गळ्याशी. माझ्या गळ्यावर ठेवलाय, बाबा. पूर्ण तळवा.

आजोबा — दिसतंय मला.

आई — गळ्यात काहीच नाहीये माझ्या. साखळी नाहीये.

आजोबा — नाहीये ना.

आई — तरी तिथंच धरलंय. डोळे मिटलेत तिने. अशीच मिटायची, मांडीवर असताना. बाबा, ती तेव्हा साखळी ओढत नव्हती.

आजोबा — नव्हती, पोरी. थांबू नकोस. बघ, गळा थोपटतेय तुझा. मागतेय.

आई — म्हणते. पण तुम्ही तो मागचा आवाज कमी करा जरा. ती झोपेल आता. इतका नको तिला.

आजोबा — कमी काय करू? ती दुसरी बॅटरी खोटारडी निघाली. लाल दिवा लागून, डबा गप्प होऊन बराच वेळ झाला. तू म्हण.