बटण निळं कुणी केलं?

...अहो पण मला काय माहीत, ते कधी कुणी वाचेल म्हणून! तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात प्रोग्राममध्ये इवलासा बदल केला तरी सोबत एक ओळ लिहावी लागते, काय बदललं, का बदललं... कमिट म्हणतात त्याला. नाव, तारीख, सगळं तिथे चिकटतं, आणि एकदा सगळ्यांकडे गेलं की पुसता येत नाही हो! आता दिवसभर खुर्चीत बसून माणूस वैतागतो, तो राग ओकणार कुठे? तिथेच!

ऑफिस वहिनींचं. सख्ख्या भावाची बायको. मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा यांनी बोलावून खुर्ची दिली. त्यामुळे झाडून सगळे, गिऱ्हाईकंसुद्धा, त्यांना वहिनी आणि मला भावजीच म्हणतात. माझं खरं नाव फक्त त्या कमिटना ठाऊक!

तर परवा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आलं, तणतणत. "आमचं बटण हिरवं होतं! निळं कुणाला विचारून केलंत? काम काढून घेतो!" वहिनी शांत. "कमिटच्या इतिहासात सगळं सापडतं. भावजी, प्रोजेक्टर लावा, भिंतीवर दाखवा सगळ्यांना. 'बटण' शोधा." शोधा!... म्हटलं, "वहिनी, मी नंतर सावकाश..." "आत्ता!"

शोधलं. आणि भिंतीवर, एवढाल्या अक्षरांत... 'बटण हिरवं केलं. वहिनींना रंगातलं ओ की ठो कळत नाही.' त्याच्या वर, 'बटण मोठं केलं. वहिनी म्हणजे डोक्याला ताप.' आणि सगळ्यात वर, सगळ्यात ताजं, 'गिऱ्हाईक म्हणालं निळं, वहिनींनी नंदीबैलासारखी मान डोलावली. बटण निळं.' पुसता येत नाही हो!

वहिनींनी चष्मा नीट केला आणि, तुम्हाला सांगतो, ती ओळ मोठ्यानं वाचली, नंदीबैलासकट! मग म्हणाल्या, "म्हणजे निळं तुम्हीच सांगितलं होतंत." गिऱ्हाईक गार! काम वाचलं... वाचवलं कशानं? माझ्या घाणेरड्या जिभेनं! तोंड लपवायला जागा नाही!

"पण हा माणूस कोण हो?" गिऱ्हाईकानं भिंतीवरचं नाव दाखवलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "होता एक. आता नाही. काम मात्र चांगलं करायचा."

करायचा! लाजेनं मेलो हो मी, बसल्या जागी!

जाताना गिऱ्हाईकानं माझा हात हातात घेतला. "भावजी, असल्या माणसाला यांनी पोसलं तरी कसं?"

म्हटलं, "काय करतील साहेब बिचाऱ्या... नात्यातला होता."